जुनं ‘मेक’ सांभाळणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीची मेकफाइल (कोडपासून प्रोग्रॅम कसा बिल्ड करायचा, म्हणजे तयार करायचा, हे ‘मेक’ या साधनाला सांगणारी फाइल) आता आमच्या लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर चालते, आणि सगळीकडे सारखीच चालते. त्यामागचे तुमचे कष्ट लायब्ररी वापरणाऱ्यांना कधीच दिसणार नाहीत, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आमची अडचण तुम्हाला ठाऊक आहे. लॅबमध्ये सेंटओएस ७ ही लिनक्स, त्यात जीएनयू मेकची ३.८२ आवृत्ती. मुलं मॅकबुक आणतात, त्यात ३.८१, म्हणजे २००६ सालचं. (३.८२ पासून मेकचा परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपल ३.८१ वरच थांबलं.) काहींच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, तिथे ४.३. लॅबमध्ये मुलांना स्वतः काही इन्स्टॉल करता येत नाही. ‘नवीन टाकून घ्या’ हे उत्तर मी इतरांकडून भरपूर ऐकलं. तुम्ही मात्र आधी विचारलंत, कुठे कुठलं मेक आहे ते कळवा.

बायसनच्या, म्हणजे पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा कोड) बनवणाऱ्या साधनाच्या, नियमाबद्दल तर किती सांगू! एका व्याकरणाच्या फाइलमधून पार्सरची सी फाइल आणि हेडर दोन्ही एकदम तयार होतात. ४.३ मध्ये अशा जोडीसाठी कोलनच्या आधी अँपरसँड लिहिण्याची सोय आली. जुन्या मेकला ती ठाऊक नाही, पण ते तक्रारही करत नाही. अँपरसँड (&) हेही एक टार्गेटच, म्हणजे तयार करायची फाइलच, समजतं आणि पुढे जातं. मग ‘-j’ (अनेक कामं एकाच वेळी चालवायचा पर्याय) देऊन बिल्ड केलं की बायसन दोनदा सुटतं, दोघंही त्याच फाइलींवर लिहितात, आणि बिल्ड कधी जमतं, कधी मोडतं. अशी चूक शोधताना जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही तिथे टक्क्याच्या चिन्हाचा पॅटर्न नियम लिहिलात. त्यात दोन टार्गेट्स असली तरी आज्ञा एकदाच चालते, आणि हे ३.८१ मध्येही खरं आहे. नवी सोय नाही, कसली कसरत नाही. मला हा उपाय फार आवडला.

वाइल्डकार्डचंही, म्हणजे नावाच्या नमुन्यावरून फाइली शोधण्याचंही, तसंच. ३.८१ फाइलींची यादी क्रमाने लावून देत असे, ३.८२ ने ते सोडलं, ४.३ मध्ये क्रम परत आला. म्हणजे नेमकी आमच्या लॅबमध्येच लिंकिंगची (तयार तुकडे एकत्र जोडण्याची) यादी वेगळ्या क्रमाने येत होती. तुम्ही यादीभोवती ‘सॉर्ट’ घातलंत आणि वरच्या कॉमेंटमध्ये कारणही आवृत्तीसकट लिहिलंत. ते कॉमेंट मी मुलांना वर्गात वाचायला लावतो. जुनी ओळ ‘कशाला हवी’ म्हणून उद्या कोणी काढायला निघालं, तर त्याला तिथेच उत्तर मिळेल.

नव्या सोयी वापरायचा मोह तुम्हालाही होत असणार. आमच्यासारख्यांसाठी तुम्ही तो आवरता, याची मला पूर्ण जाणीव आहे.

आता माझ्याकडून एक. तुमच्याजवळ ३.८२ चं मशीन नाही असं तुम्ही म्हणाला होतात. पुढच्या प्रत्येक रिलीजआधी टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) पाठवत जा. लॅबमध्ये आणि एका मॅकवर, साधं आणि ‘-j’ देऊन, दोन्ही प्रकारे बिल्ड करून पूर्ण लॉग मी तुम्हाला पाठवीन.

मनापासून आभार.

आपला,
एक लॅब शिक्षक