नानाची वही

प्रिय दिल्या,

मेलांना उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत ठीक. शुगर जिथे होती तिथेच.

लिहितोय ते नानासाठी. फ्रेंच नट अलँ देलों 2024 च्या ऑगस्टमध्ये गेला तेव्हापासून त्याचा ‘ल सामुराई’ सिनेमा पुन्हा बघू, बघू चाललं होतं. शेवटी परवा नानाला घरी बोलावून लावला. सुरुवातीची दहा मिनिटं कुणी अक्षर बोलत नाही. तू तेव्हा “साउंड गेला काय रे!” म्हणून ऑपरेटरला हाक मारली होतीस, आठवतंय ना? नाना या वेळीही गप्पच. मध्येच एकदा म्हणाला, “कपाटावर पाण्याच्या बाटल्या, सिगरेटची पाकिटं. एवढंच लागतं रे माणसाला.”

वहिनी गेल्यावर त्याचं घर तू पाहिलं नाहीस. भिंतीवर नुसते खिळे उरलेत. सिनेमातल्या जेफकडे, देलोंच्या त्या भाडोत्री मारेकऱ्याकडे, निदान पिंजऱ्यातला पक्षी होता. त्याच्या फडफडीवरून कळलं तरी, खोलीत कुणी येऊन गेलंय. नानाने कामवालीही बंद केलीय.

आता बिल्ल्याचं. शेवटी जेफ क्लबात हॅट ठेवायला देतो आणि ती परत घ्यायचा बिल्ला न उचलता आत जातो, म्हणजे परत यायचंच नाही. त्यावरून आपण रात्रभर भांडलो होतो. तुझं म्हणणं, पुढे पिस्तूल रिकामं निघणारच आहे, मग दिग्दर्शक मेल्व्हिलने तेच, तो मरायलाच आलाय हे, दोनदा कशाला सांगायचं? माझं म्हणणं, बिल्ला नसता तर ते रिकामं पिस्तूल म्हणजे नुसती चलाखी. अजूनही माझंच बरोबर आहे. वाद नको.

तर नाना निघाला आणि आपल्या फिल्म सोसायटीच्या सगळ्या वह्या माझ्या टेबलावर ठेवून गेला. “कधी नेशील?” म्हटलं, तर “असू देत तुझ्याकडे.” रात्री चाळल्या. माझ्या नावावरची चहाची उधारी त्याने ताज्या शाईने, पट्टी धरून खोडलीय. उधारी सोडणारा नाना तू कधी पाहिलायस? वर्गणीच्या आठ आण्यांसाठी हा माणूस माझ्या सासुरवाडीला आला होता!

म्हातारपणी माणसं पसारा आवरतात, मान्य. आपणही आवरतोय. पण हा आवरतोय की बिल्ला ठेवून जातोय? रविवारी जाऊन सरळ विचारणार आहे. मला तो थट्टेवारी नेईल, तुला नाही नेणार.

नातीचं बारसं झालं का? नाव कळव. मिहिरला नोकरी लागली, बरं झालं. गुडघ्याचं काय ठरवलंस?

आणि हो, तुझे भेळेचे पैसे वहीत अजून तसेच आहेत. त्यावरूनच त्याला फोन कर. आजच कर. म्हणावं, अन्याची खोडलीस, माझी का नाही? कडाडून भांड.

तुझा,
अन्या