कुतच्या खंदकांविषयी श्रीकांतला पत्र

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या लढाईबद्दल तू लिहिलंस ते सगळं फ्रान्सचं. ते खरंच आहे. १९१४ च्या हिवाळ्यात आपल्याकडचे शिपाईही तिथं गुडघाभर गारठ्या चिखलात उभे होते. बूट दिवसचे दिवस पायातून निघत नसत, पाय सुन्न होऊन सडायला लागत. सदऱ्याच्या शिवणीत दडलेल्या उवा मेणबत्तीवर भाजणं हा फावल्या वेळचा उद्योग! पण मराठी माणसाला खंदक म्हटलं की आधी मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आठवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. सध्या त्याच नादाला लागलोय, म्हणून तुझं डोकं खातो.

ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने त्यांना बगदादच्या तोंडाशी नेलं, तिथल्या टेसिफोनला तुर्कांकडून मार खाल्ला आणि मागे फिरून कुत हे गाव गाठलं. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. गाव तैग्रिसच्या वळणात, तीन बाजूंना नदी. चौथी बाजू खंदक खणून अडवली. जानेवारीत तैग्रिसला पूर आला आणि पुढचे खंदक बुडाले. गंमत अशी, की समोरचे तुर्कही तसेच भिजून मागे हटले. पाण्याला कुठला आलाय पक्ष!

पण खरं हाल केलं ते पोटानं. शिधा घटत घटत शेवटी दिवसाला मूठ-दोन मूठ पिठावर आला. घोडे, खेचरं कापायला लागले. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. आपल्या बहुतेकांनी नाकारलं. धर्म जाईल, गावी परतल्यावर जातीत घेणार नाहीत, ही भीती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली, तरी पुष्कळांनी अगदी शेवटी, नाइलाजानं तोंडाला लावलं. कुणी याला अडाणीपणा म्हणेल. मला नाही म्हणवत. परत जाऊन त्याच गावात जगायचं होतं ना त्यांना.

याचा परिणाम विचित्र झाला. ताजं मांस नाही, भाजीपाला नाही, त्यामुळे आपल्या शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजून त्यातून रक्त यायचं, आधीच्या जखमा भरत नसत. दिसेल तो हिरवा पाला उकडून ते खायचे. गोऱ्यांना घोड्याच्या मांसानं स्कर्व्हीपासून वाचवलं, पण पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे त्यांना बेरीबेरी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला. जाडंभरडं पीठ खाणारे आपले लोक त्यातून सुटले. एकाच वेढ्यात, ताटाप्रमाणे आजार वेगळा. हे वाचलं आणि मी पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो.

विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. ती कुठवर पुरणार? सोडवायला आलेल्या फौजेची वाटेतच जबर हानी झाली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. पुढे उपाशी, आजारी शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं आणि त्यातले कितीतरी वाटेतच मेले. टाउनशेंडसाहेबांची सोय मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर, बंगल्यात. मला त्या माणसाचा राग येतो, तुला येणार नाही असं समजू नकोस.

तुझ्या आजोळी चावडीजवळ एक दगडी पाटी होती बघ, 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशी. दिवाळीत जाशील तेव्हा तिच्यावरचे आकडे उतरवून पाठव. आणि गावात कुणाकडे पलटणीचे जुने कागद असतील तर विचारून ठेव. मी येतोच.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक