चार्जर बसवण्याआधी फेजनिहाय भार मोजा

संपादक महोदय,

जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांत सध्या विजेच्या गाड्यांच्या चार्जरचे ठराव येत आहेत. सोबतचा हिशेब मात्र बहुतेक वेळा एकूण क्षमतेतून एकूण वापर वजा करण्यापुरताच असतो. तो धोकादायक आहे.

समजा, मीटर रूममध्ये थ्री-फेज मेन स्विच आहे, म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांनी (फेजनी) येते. त्यांना आर, वाय आणि बी म्हणतात. प्रत्येक फेजला १०० अँपिअरचा एचआरसी (मोठा प्रवाह सुरक्षितपणे तोडणारा) फ्यूज आहे. मे महिन्यात रात्री दहाला टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारे यंत्र) लावला, तर आर फेजवर ८२, वायवर ५४ आणि बीवर ६१ अँपिअर भरले. २३० व्होल्टने तिन्ही फेजची मिळून क्षमता ६९ केव्हीए (ढोबळमानाने किलोवॉटच), वापर ४५. म्हणजे ७.४ किलोवॉटचे तीन चार्जर कागदावर बसतात. पण हा चार्जर सिंगल-फेज असतो. एकाच फेजवरून ३२ अँपिअर ओढतो. आर फेजवर ८२ चे ११४ होतात, तिथे एकही बसत नाही. वाय आणि बीवर एकेकच, आणि बी तर ९३ वर जातो.

फ्यूज उडेल तेव्हा पाहू, या भरवशावर राहू नये. १०० अँपिअरचा एचआरसी फ्यूज ११४ अँपिअरला तासन्‌तास उडत नाही. त्याची रचनाच तशी असते. तोवर तापत राहतात ते सैल लग (केबलच्या टोकाची जोडणी) आणि तांब्याच्या पट्टीला थेट जोडलेले ॲल्युमिनियम केबलचे सांधे. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी सलग पाच-सहा तास भार घेते. त्यामुळे ‘सगळ्यांचे एकदम चालू नसते’ ही नेहमीची सूट चार्जरला देता येत नाही. मोठा फ्यूज टाकणे हा तर उपायच नव्हे. त्याने केबलचे संरक्षण जाते.

फेज असमतोल असले की फरकाचा प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या सामाईक तारेतून वाहतो, आणि साडेतीन कोअर (तीन फेज व एक बारीक न्यूट्रल असलेल्या) केबलमध्ये न्यूट्रल फेजच्या साधारण निम्म्या जाडीचा असतो. त्याचा सांधा सुटला तर काही घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊन टीव्ही, फ्रिज जळतात.

बिलावरचा मंजूर भार हा वीज कंपनीशी झालेल्या कराराचा आकडा आहे. इमारतीतली केबल तेवढा भार पेलेल, असा त्याचा अर्थ नाही. म्हणून परवानाधारक ठेकेदाराकडून आठवडाभर लॉगर (सतत नोंद ठेवणारे यंत्र) लावून तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्यावेत. उन्हाळ्यात एसीची रात्र आणि थंडीत गिझरची सकाळ, दोन्ही पाहावीत. केबलचा आकार आणि लिफ्ट-पंपाचा भारही नोंदवावा. एक फेज जड निघाला तर काही घरांचे वीजमीटर दुसऱ्या फेजवर घेता येतात, पण सीलला हात न लावता, वीज कंपनीकडूनच. इमारतीचा भार वाढला की स्वतःचा प्रवाह ३२ वरून १६ वर आणणारे चार्जरही मिळतात. जुन्या इमारतीत तेच घ्यावेत.

चार्जरचा ठराव मांडताना सभेच्या नोटिशीसोबत तिन्ही फेजचे मोजलेले आकडे सदस्यांना द्यावेत, ही सोसायट्यांच्या कार्यकारिणींना विनंती.

— एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, ठाणे