नेकनूरच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी तुम्ही शटर अर्धं खाली ओढलं होतं. आमची जुनी मारुती 800 आचके देत तुमच्या दारात थांबली, मागच्या सीटवर आई डोळे मिटून पडलेली. तुम्ही काही न विचारता शटर वर केलं, आतून आईसाठी खुर्ची आणली, तिला पाणी दिलं. बोनेट त्यानंतर उघडलंत.

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, बीडला. केजहून जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर. पेट्रोलवर हा खर्च झेपत नाही, म्हणून गॅस (एलपीजी) किट बसवलेलं. दिवाळीपासून मात्र गाडी गॅसवर दहा-पंधरा मिनिटं नीट चालायची, मग आचके देऊन बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. पेट्रोलवर काहीच त्रास नाही. दोन ठिकाणी दाखवली. प्लग बदलले, कॉइल बदलली, एअर फिल्टर बदलला; शेवटी किटच गेलंय, नवं बसवा, असं ऐकून घरी आलो. त्या दिवशी तर मांजरसुंब्याच्या घाटात, ऐन चढावर, मागे ट्रकांची रांग लागलेली असताना ती बंद पडली. पेट्रोलवर टाकून कसाबसा तुमच्यापर्यंत पोचलो.

तुम्ही पाना हातात घेतला नाही. आधी विचारलंत, "दिवाळीच्या टायमाला गाडीचं काय काम केलतं?" रेडिएटरची नळी फुटली होती, ती बदलून पाणी भरलं, असं मी सांगितलं. मग तुम्ही गाडी गॅसवर टाकायला लावली आणि रेस धरून ठेवायला सांगितलं. दहा मिनिटांत रिड्यूसरवर, म्हणजे टाकीतला गॅस इंजिनात जाण्याआधी ज्यातून जातो त्या किटच्या डब्यावर, पांढरा बर्फ धरला! माझा हात धरून तुम्ही त्याच्या पाण्याच्या दोन्ही नळ्यांवर ठेवलात. इंजिनाकडून येणारी गरम, परत जाणारी गार.

"टाकीत गॅस पातळ असतोय. त्याची वाफ हितं होती. वाफ व्हायला ऊब लागती, ती ह्या पाण्याची. पाणीच फिरंना, तर हा गारठणारच की."

दीड महिना मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते तेवढ्यात कळलं. चढावर गॅस जास्त लागतो, म्हणून घाटातच जास्त त्रास, हेही तेव्हा उमगलं. रिड्यूसर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसवलेला. नळी बदलताना आत शिरलेली हवा तिथंच अडकून बसली होती. तुम्ही इंजिन निवू दिलं, रेडिएटरचं झाकण काढलं, वरच्या नळीची क्लिप सैल केली आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं पाणी ओतत राहिलात. मग गाडी चालू करून परत जाणारी नळीही गरम झाल्याची खात्री मलाच करायला लावलीत. रिड्यूसरच्या तळाचा नट खोलून काळं चिकट तेलही काढलंत, साबणाच्या फेसानं सगळे जॉइंट तपासलेत.

डिकीतल्या टाकीवरची पट्टी बॅटरीच्या उजेडात वाचून तुम्ही गंभीर झालात. टाकीची दर पाच वर्षांनी तपासणी लागते, ती टळून गेली होती. वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद कर, दारं उघड, कुठलंही बटण दाबू नको, हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. आई ह्याच गाडीत बसते, हे तुमच्या डोक्यात होतं.

दीडशे रुपये घेतलेत. नवं किट विकता आलं असतं, मी त्या दिवशी कशालाही हो म्हणालो असतो. मामा, तुम्ही दुखणं शोधलंत आणि ते मला समजावलंत, ह्यासाठी मनापासून आभार.

टाकीची तपासणी झाली. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करतो, इंजिन तापून तापमानाचा काटा वर आला की गॅसवर टाकतो. तेव्हापासून घाटात एकदाही थांबलो नाही. आई नेकनूर आलं की काच खाली करून तुमच्या शटरकडं बघते. मंगळवारी परतताना थांबू. तिनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे.

तुमचा,
केजचा मारुतीवाला