पेडल स्टीलचा बार म्हणजे नुसती लोखंडी कांडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला पेडल स्टील गिटारवरचा, म्हणजे आडव्या तारांवर बार सरकवून आणि पेडलांनी सूर बदलून वाजवायच्या गिटारवरचा लेख वाचला. पेडलं, गुडघ्याचे लिव्हर, पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग), ॲम्प्लिफायर यांची माहिती नीट आली आहे. डाव्या हातातल्या बारची मात्र ‘तारांवर फिरवायची लोखंडी कांडी’ एवढ्यावर बोळवण झाली. मी आयुष्यभर लेथवर टर्नरचं काम केलं आणि कामावरून आलो की हे वाद्य घेऊन बसत आलो. माझे बहुतेक बार मी स्वतःच कातले आहेत, म्हणून हे पत्र.

या वाद्याची गोष्टच बारपासून सुरू होते. पेडल फार नंतर आलं. हवाईतल्या ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकु हा या वादनपद्धतीचा जनक मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शाळकरी वयात, त्याने तारांवर चाकू, कंगवा असं हाताला लागेल ते सरकवून पाहिलं आणि शेवटी शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोलादी बार घडवला, अशी त्याची हकिकत सांगतात. पेडल दाबून वाजत्या तारेचाच सूर सरकवण्याची करामत अमेरिकी स्टील वादक बड आयझॅक्सने कंट्री गायक वेब पियर्सच्या गाण्यात केली आणि ते गाणं १९५४ मध्ये गाजलं. म्हणजे जवळजवळ साठ-सत्तर वर्षं वादक नुसत्या बारवर आवाज शोधत होते. तो शोध पेडल आल्यावर संपला, असं लेख वाचून कुणाला वाटू नये.

दहा तारांच्या वाद्यासाठी नेहमीचा बार म्हणजे ७/८ इंच जाडीचा, सव्वातीन इंचांच्या आसपास लांबीचा, एका टोकाला गोळीसारखा गोलावलेला भरीव पोलादी दंड. वजन साधारण २४० ग्रॅम. त्याच मापाचा भरीव काचेचा बार जेमतेम ८० ग्रॅम भरतो, पितळेचा २६० च्या आसपास जातो आणि जाडी एक इंच केली तर पोलादाचाच बार ३०० ग्रॅम ओलांडतो. आकडे मुद्दाम देतो आहे, कारण आवाजातला निम्मा फरक या वजनातच आहे. बार हा तारेचा सरकता शेवट. तो जड आणि टणक असला की तारेचं कंपन त्याच्यावर आपटून तारेतच परत फिरतं, आस, म्हणजे सूर रेंगाळण्याचा काळ, लांबते. हलका असला की कंपनाची ताकद बार आणि बोटं मिळून खातात. ठिसूळ पण टणक काच आणि मऊ टेफ्लॉन यांचं वजन जवळपास सारखं असलं तरी दोन्हींचा आवाज वेगळा. टेफ्लॉन वरचे बारीक स्वरांश गिळून टाकतं.

हे कानाने पारखायचं तर ई नाइन्थवर (तारा जुळवण्याची नेहमीची पद्धत) आठव्या फ्रेटच्या खुणेला तिसरी, चौथी, पाचवी तार छेडावी. सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजेल. मग बार जागचा न हलवता ए आणि बी पेडल दाबलं की एफ मेजर. पोलादी बारने ही सरकण धारदार निघते आणि शेवटची कॉर्ड बराच वेळ तरंगत राहते. आवाज कमी-जास्त करणारं व्हॉल्यूम पेडल सावकाश उघडत नेलं तरी पुरतं. आता काचेचा बार घ्या. सुरुवातीची टणत्कारी धार बोथट होते, आवाज गोलसर येतो आणि आस लवकर बसते. ती सावरायला पाय आधीच पुढे न्यावा लागतो. ओळ लांब असली तर ती संपायच्या आत व्हॉल्यूम पेडल संपतं. त्यामुळे काच मी संथ चालीच्या, मोकळ्या जागा असलेल्या गाण्यांनाच घेतो. ड्रमसोबत ती टिकत नाही. शिवाय हलका बार स्वतःच्या वजनाने बसत नाही. जाड गुंडाळीच्या तारेवर तो खडखडतो, म्हणून वादक दाबतो, आणि दाबला की सूर चढतो. तिसरी तार ०.०११ इंचाची, तिच्यावर हे लगेच कानाला टोचतं.

डोब्रोवाले (धातूची तबकडी बसवलेली, आडवी ठेवून वाजवायची गिटार वाजवणारे) वापरतात तो दोन्ही बाजूंना खाचा असलेला, अरुंद कडेचा बारही अधूनमधून हाती धरावा. तो बोटांत घट्ट बसतो. उचलून चटकन आपटला की तारेवर सूर स्पष्ट उमटतो, ओढून काढला की मोकळी तार वाजते. गोल बारने इतकं स्वच्छ मला जमत नाही. पण दहाही तारा एकदम झाकायला तो तोकडा पडतो आणि अंगठ्याखाली घोळवून आंदोलन देता येत नाही.

माझा सर्वांत आवडता बार मात्र बाजारात न मिळणारा आहे. पोलादी दंडाच्या एका अंगाला लांबीभर चारेक मिलिमीटरचा पट्टा घासून जवळजवळ सपाट केला, अगदी किंचित फुगवटा ठेवून, आणि आरशासारखा पॉलिश केला. तो भाग तारेवर बरोबर बसला की तार त्याला चाटत वाजते आणि तंबोऱ्याची जवारी उघडल्यासारखी झणक उठते. बार केसभर कलला की झणक गायब. घोळवायची सोय नाही. आंदोलन सरळ मागेपुढे सरकवूनच द्यायचं. एवढी बंधनं असूनही एखाद्या लांब मींडेला ती झणक सुरुवातीपासून शेवटपर्यंत साथ देते, तेव्हा दुसरं काही हातात घ्यावंसं वाटत नाही. आपल्याकडे विचित्र वीणा काचेच्या बट्ट्याने वाजते, चित्रवीणा पूर्वापार आबनुसाच्या लाकडाने वाजत आली आणि अलीकडे टेफ्लॉननेही वाजते. सरकवायची वस्तू बदलली की वाद्याचा गळा बदलतो, हे त्या वादकांना कुणी सांगावं लागलं नाही.

‘आवाज हातात असतो, बारमध्ये नाही’ असं जाणकार म्हणतात. हाताचं महत्त्व मला मान्य आहे. बारच्या मागे तारांवर टेकलेली अनामिका आणि करंगळी ढिली पडली तर कुठलाही बार गोंगाटच करेल. पण तोच हात, तीच तार आणि बार वेगळा, हे एकदा ऐकल्यावर तो वाद माझ्यापुरता उरला नाही. इफेक्टचे डबे पिकअपमधून निघालेल्या आवाजाला रंग देतात. बार तारेचं कंपनच बदलतो. नवे वादक डब्यांची रांग लावतात आणि वाद्याबरोबर आलेला बार क्रोम झिजून चरे पडेपर्यंत बदलत नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. बोटाच्या पेराला जाणवेल एवढा चरा पडला की बारीक तारेवर खरखर येणारच.

लेखमालेच्या पुढच्या भागात वादकांच्या मुलाखती येणार असल्याचं आपण म्हटलं आहे. प्रत्येकाला एवढं तरी विचारावं: बार कशाचा, किती जाड, किती ग्रॅमचा आणि कोणत्या गाण्याला तो बदलता? उत्तरं पिकअपच्या नावाशेजारीच छापावीत.

आपला,
एक निवृत्त टर्नर व पेडल स्टील वादक