तुझा राग कळतोय, पण आधी हे वाच

सोन्या,

तुझा तो मोठाच्या मोठा मेसेज वाचला. डॉक्टरांची नावं लिहून सगळीकडे टाकायची, कंप्लेंट करायची, इतकी वर्षं यांना कळलंच कसं नाही, वगैरे वगैरे. चिडलायस ते कळतंय मला, तुझ्या जागी मी असते तर मीपण असंच काहीतरी लिहिलं असतं. फोनवर हे बोलणं होत नाही कारण तू मधेच तोडतोस, मग मी गप्प बसते, मग दोघंही 'बरं बरं, जेवलास का' वर येतो. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, तरी सगळं वाच.

पहिलं म्हणजे माझा हा न्यूरोएन्डोक्राइन गाठींचा आजार, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींचा एक प्रकारचा कॅन्सर, सुरू कसा झाला हे तुला नीट माहीतच नाहीये, तू तेव्हा तुझ्या परीक्षांमध्ये होतास. चेहरा तापायचा. आधी गाल, मग मान, मग इथे गळ्याखाली छातीपर्यंत लालेलाल, दोन-चार मिनिटं राहायचं आणि जायचं. आता मला सांग, बाई पंचेचाळिशीच्या पुढची, पाळी मागेपुढे होतेय, चेहरा गरम होतो म्हणतेय, कोण काय म्हणेल? जगातला कुठलाही डॉक्टर मेनोपॉजच म्हणणार आणि शंभरातल्या नव्व्याण्णव जणींच्या बाबतीत तो बरोबरच असणार. मग पोट सुरू झालं. दिवसातून किती वेळा जावं लागायचं ते लिहीत नाही. त्याला आयबीएस नाव मिळालं, म्हणजे तपासण्यांत काही सापडत नाही पण पोट सतत बिघडलेलं. मग कधीकधी छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला, तर इनहेलर मिळाला. म्हणजे चेहऱ्याचं एकीकडे, पोटाचं दुसरीकडे, श्वासाचं तिसरीकडे, तीन डॉक्टर तीन फायली, आणि प्रत्येक फाइल आपापल्या जागी एकदम व्यवस्थित.

तू लिहिलंयस की 'साधी एन्डोस्कोपी करता आली नाही का त्यांना'. अरे केली होती. वरून केली, खालून केली, दोन्ही नॉर्मल. पण वरचा कॅमेरा जठराच्या थोडा पुढे जाऊन थांबतो, खालचा मोठं आतडं बघून फार तर लहान आतड्याच्या टोकापर्यंत डोकावतो, आणि मधलं जवळजवळ सहा मीटर लहान आतडं दोघांनाही दिसत नाही. माझी गाठ नेमकी त्या मधल्या भागात होती, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. सोनोग्राफीत एकदा लिव्हरवर काहीतरी बारीक दिसलं होतं, त्यावर 'हिमँजिओमा असावा' असं लिहिलंय, तो रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा असतो आणि खूप लोकांना असतो. तिथेही रिपोर्ट लिहिणाऱ्याने जे जास्त शक्य तेच लिहिलं.

आणि हा आजार किती जणांना होतो ते बघ. अमेरिकेत या न्यूरोएन्डोक्राइन गाठींच्या नोंदी आहेत, त्यात १९७३ मध्ये वर्षाला लाखात साधारण एक नवा पेशंट निघायचा, २०१२ पर्यंत तो आकडा सातच्या आसपास गेला, तोही बराचसा स्कॅन सुधारले म्हणून. सात जरी धरले तरी त्यात फुप्फुसाचे, स्वादुपिंडाचे, जठराचे, आतड्याचे सगळे आले, आणि त्यातल्या सगळ्यांना काही चेहरा लाल वगैरे होत नाही. उलट पोट बिघडलेलं माणूस ओपीडीत रोज येतं. डॉक्टर लोकांना शिकवतातच ना, टापांचा आवाज आला तर घोडा समजा, झेब्रा नाही. म्हणून या आजाराच्या पेशंट लोकांनी झेब्र्यालाच आपली खूण करून टाकलीय, ते पट्ट्यापट्ट्यांच्या रिबिनी वगैरे लावतात. मला ते जरा जास्तच वाटतं, पण असो, ज्याला त्यातून बरं वाटतं त्याला वाटू दे.

मग मला राग नाहीच का? आहे. पण तू ज्यावर चिडलायस त्यावर नाही. सापडलं नाही याचा राग नाही. एक डॉक्टर होते, नाव तुलाही सांगणार नाही, त्यांनी सगळे रिपोर्ट चाळले, फाइल बंद केली आणि माझ्याकडे न बघता तुझ्या बाबांकडे बघून विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का? जरा मन रमेल असं काहीतरी बघा यांच्यासाठी." मी समोरच बसले होते. त्यानंतर बरेच दिवस मी कोणाला काही सांगायचंच बंद केलं, कारण सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ते 'टेन्शन' दिसायचं, तुझ्या मावशीच्यासुद्धा. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे त्या तपासण्यांमध्ये काही दिसलं नाही एवढंच ना, त्यावरून माणूस उगाच सांगतंय हे कसं काय ठरतं? हे मात्र मी विसरणार नाही. पण याची कंप्लेंट कुठल्या फॉर्मवर लिहायची सांग. 'माझ्याकडे बघितलं नाही' असा कॉलम नसतो.

आणि सापडलं कसं ते ऐक, कारण तुला वाटतंय की कुठल्यातरी भारी मशीनने सापडलं. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक तरुण मुलगी बसली होती, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने विचारलं, चेहरा लाल होतो तेव्हा घाम येतो का. मी म्हटलं नाही, कोरडाच असतो. मग विचारलं, पोटासाठी रात्री झोपेतून उठावं लागतं का. म्हटलं हो, रोजच. ती लिहिता लिहिता थांबली. मेनोपॉजमध्ये बहुतेक वेळा घाम फुटतो आणि आयबीएसवाल्यांना सहसा रात्री झोपेतून उठावं लागत नाही, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत मला कोणी घामाचं विचारलं नव्हतं आणि मला तरी काय माहीत की ते सांगायचं असतं. दोन प्रश्न, फुकटचे.

तिने चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. मोठा कॅन देतात, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत सगळी त्यात गोळा करायची. त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो असलं बंद, कारण त्यात सेरोटोनिन असतं, माझ्या गाठी सोडतात तेच हार्मोन, आणि त्यामुळे आकडा खोटाच वाढतो. बाबांनी तो कॅन बाथरूममध्ये टॉवेलखाली झाकून ठेवला होता, कोणी पाहुणे आले तर म्हणून. पाहुणे कशाला येतायत तेव्हा! तर त्या तपासणीत फाइव्ह-एचआयएए भरमसाट वाढलेलं निघालं. सेरोटोनिन शरीरात मोडलं की ते तयार होतं. रक्तातलं क्रोमोग्रॅनिन, म्हणजे अशा गाठींमुळे वाढणारं एक प्रोटीन, तेपण वाढलेलं होतं, पण मी ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होते आणि त्या गोळ्यांनी ते तसंही वाढतं, म्हणून गोळ्या थांबवून परत केलं. मग सीटी, मग लिव्हरची बायोप्सी, मग ते गॅलियमचं डोटाटेट स्कॅन. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखर देतात आणि वेगाने वाढणारी गाठ ती साखर ओढते म्हणून चमकते, पण माझ्या गाठी इतक्या आळशी की साखरेला फारशा विचारतच नाहीत. डोटाटेटचं औषध या पेशींच्या अंगावरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. तेव्हा कुठे सगळं एका फोटोत दिसलं, आतडं पण आणि लिव्हर पण.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू मेसेजमध्ये सरळ विचारला नाहीस. लवकर कळलं असतं तर? हे मी पण डॉक्टरांना विचारलं. आतड्यातली गाठ जे हार्मोन सोडते ते आधी लिव्हरमध्ये जातं आणि लिव्हर ते निकामी करून टाकतं, म्हणून गाठ नुसती आतड्यात असते तेव्हा बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गाठी लिव्हरमध्ये पोचल्या की मग ते हार्मोन थेट रक्तात जातं आणि चेहरा लाल, पोट, शिट्टी हे सगळं सुरू होतं. म्हणजे पहिल्यांदा माझा चेहरा लाल झाला त्या दिवशीच बहुधा ते लिव्हरमध्ये होतं. चार वर्षं आधी कळलं असतं तर लिव्हरवरचे डाग कमी असते, ती चार वर्षं टॉयलेट शोधण्यात गेली नसती, हे खरंय आणि ते मला कोणी परत देणार नाही. पण पूर्ण बरी झाले असते आणि यांच्यामुळे राहिलं, असं जे तू मनात धरून बसलायस ते मला तरी पटत नाही.

लोक पहिलं विचारतात, इरफान खानला झालेला तोच का. त्याने २०१८ मध्ये जाहीर केलं तेव्हा हे नाव पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडलं, २०२० मध्ये तो गेला, त्यामुळे नाव ऐकलं की लोक मनातल्या मनात दोन वर्षांचा हिशोब करतात, मला चेहऱ्यावर दिसतो तो हिशोब. अरे, नाव एक असलं तरी गाठ कुठे आहे आणि किती वेगाने वाढतेय यावर सगळं आहे. माझा केआय-६७ दोन टक्के आहे, म्हणजे शंभर पेशी मोजल्या तर दोन विभागणीच्या तयारीत. तीनच्या खाली असला की ग्रेड एक. डॉक्टरांनी वर्षांचा आकडा सांगितला नाही आणि मीपण मागितला नाही, तूही नेटवर शोधू नकोस, तिथे सगळ्या ग्रेडची खिचडी असते.

सध्या दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन, गाठींचं हार्मोन सोडणं रोखणारं. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, मग कमरेखाली खोलवर, सुई चांगली जाड असते, आणि आत सुपारीएवढी गाठ राहते ती काही दिवस बसताना कळते. सिस्टर म्हणते दुसऱ्या बाजूला घेऊ का, मी म्हणते गेल्या वेळी तिकडेच घेतलं होतं, आमचं हे दर वेळचं भांडण. चेहरा लाल होणं जवळजवळ थांबलंय. पोट निम्म्यावर आलंय, पण इंजेक्शनमुळे चरबी पचत नाही म्हणून जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल. वर्षातून एकदा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कारण ते सेरोटोनिन हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड करू शकतं. पुढे गाठी वाढल्याच तर ल्युटेशियमची ट्रीटमेंट आहे, साधारण आठ-आठ आठवड्यांनी चार डोस, त्यात तेच चिकटणारं औषध किरणोत्सर्गासकट सोडतात. ते आत्ता नाही. उगाच आत्तापासून त्याची काळजी करू नकोस.

जास्त त्रास कशाचा होतो सांगू? मी आजारी दिसत नाही याचा. केस आहेत, वजन उतरलं तर लोक म्हणतात 'बारीक झालीस, छान दिसतेस'. एक गट मला उद्याच जाणार असल्यासारखं बघतो आणि दुसऱ्या गटाला वाटतं की एवढं काय, चालतेय फिरतेय तर. तू पहिल्या गटात आहेस. दर फोनचं पहिलं वाक्य 'कसं वाटतंय' असतं आणि आवाज असा की जणू मी उत्तर देता देताच आटपेन. महिन्यातले काही दिवस वाईट जातात, तेव्हा मी आपणहून सांगेन, नाहीतर इतर दिवशी तुझ्या त्या बॉसच्या गोष्टी सांग ना आधीसारख्या.

आणि तुला येईल का हे विचारायचं होतं ना? बहुतेकांमध्ये हा आजार घराण्यातून येत नाही. एक एमईएन-१ नावाचा प्रकार असतो घराण्यात चालणारा, म्हणून त्यांनी आपल्याकडे कोणाला वारंवार मुतखडा, कॅल्शियम वाढणं, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ असं काही आहे का ते खोदून खोदून विचारलं. तसं काही निघालं नाही, आणि तो प्रकार बहुतेक स्वादुपिंडाच्या वगैरे गाठींबरोबर दिसतो, माझ्यासारख्या नाही. तू निवांत राहा.

आता तुझ्या रागाचं काय करायचं. तुला काहीतरी करायचंच आहे ना, मग हे कर. माझी फाइल आता इतकी जाड झालीय की इमर्जन्सीत कोणी उघडणार नाही. मी सगळे फोटो काढून पाठवते, त्याचं एक पान कर. एकच पान. वर आजाराचं पूर्ण नाव, ग्रेड, कुठे कुठे आहे ते. मग इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख, ही तारीख हाताने बदलता येईल अशी जागा सोड. मग ठळक अक्षरात हे, की ऑपरेशन असो, बेशुद्ध करायचं असो, अगदी दाताचं काम असलं तरी आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार सांगायचा आणि ऑक्ट्रिओटाइड, म्हणजे हार्मोन सोडणं रोखणारं औषध, तयार ठेवायला सांगायचं, कारण अशा वेळी गाठी एकदम हार्मोन सोडतात, बीपी कोसळू शकतं किंवा भलतंच वाढू शकतं, त्याला कार्सिनॉइड क्रायसिस म्हणतात आणि सगळ्यांना ते माहीत असेलच असं नाही. हे बाबांनाही पाठ करून घ्यायला सांगितलंय पण त्यांचं तुला माहितीय, ऐन वेळी ते स्वतःचा फोन नंबर विसरतात. खाली माझ्या डॉक्टरांचा नंबर आणि तुझा.

दोन कॉप्या लॅमिनेट कर, एक माझ्या पर्समध्ये, एक बाबांच्या पाकिटात. अक्षरं मोठी ठेव, त्यांना चष्मा शोधत बसायला लागू नये.

आई