औष्णिक केंद्राच्या कामगारांसाठी कायदा करा

मा. संपादक,

शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जात आहे. तिचे मनापासून स्वागत. पण सौरवीज वाढून कोळशाची वीज कमी होईल, तेव्हा आमच्या चंद्रपूरने काय करायचे?

येथील महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे. प्रत्येकी २१० मेगावॉटचे पहिले दोन वीजनिर्मिती संच केव्हाच बंद झाले. संच बंद पडला की कायम कर्मचाऱ्याची बदली होते. कोल हँडलिंगवरच्या कंत्राटी कामगाराचा मात्र गेटपासच बंद होतो. ठेकेदार बदलला की गेटपासही बदलतो आणि आधीच्या वर्षांची कुठे नोंद राहत नाही. कोळशाच्या धुळीत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस कागदावर कालच लागलेला असतो. पडोलीचे ट्रकचालक, टायरवाले, राखेच्या विटा पाडणारे यांची तर गणतीच नाही. सौर प्रकल्प उभा राहीपर्यंत पुष्कळ हात लागतात. पॅनल एकदा बसले की राखणदार आणि पॅनल धुणारे, एवढीच कामे उरतात.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २०१९ मध्ये ऊर्जा संक्रमणाचा कायदा केला. पुढे २०२२ मध्ये बंद झालेल्या सॅन हुआन वीज केंद्रातील आणि त्याला कोळसा देणाऱ्या खाणीतील कामगारांची भरपाई व प्रशिक्षण यांसाठी निधीची तरतूद त्याच कायद्यात आहे. आपल्याला हे अवघड नाही. १९७२ च्या दुष्काळातल्या रोजगार हमीला महाराष्ट्रानेच १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर लावला आणि शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी तो भरला. योजना एका शासन निर्णयाने गुंडाळता येते. कायद्याने दिलेले काम मागायला मजूर हक्काने तहसीलदारापुढे उभा राहू शकला.

तसाच कायदा आता हवा. संच बंद करण्याची तारीख किमान तीन वर्षे आधी जाहीर व्हावी. ठेकेदार कितीही बदलले तरी कंत्राटी कामगाराची सेवा सलग धरावी, प्रशिक्षणाच्या काळात त्याला मजुरी मिळावी. बंद संचांच्या आणि खाणींच्या जागेवर येणाऱ्या नव्या प्रकल्पांत पहिली भरती याच लोकांची व्हावी. पैशाचे म्हणाल, तर वीजबिलात आपण वीज शुल्क भरतोच. त्यातला ठरावीक वाटा यासाठी राखून ठेवावा.

सरकार विधेयक आणणार नसेल, तर जिल्ह्यातील आमदारांनी पक्षभेद विसरून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडावे.

— एक वाचक, दुर्गापूर (चंद्रपूर)